डोंगराचा डावा खांदा

"बूट नवे, पाय जुने, आणि बाईसाहेबांना वाटतंय पलटण निघाली रोम जिंकायला," रघुवीर बुटाच्या नाडीला सांगत होता.

सांगत होता नाडीलाच, पण दाराची लोखंडी जाळी उघडी होती आणि जाळीच्या आत, हातभर अंतरावर, जयवंती पाण्याच्या बाटल्या भरत उभी होती.

"नाडी फार आवळू नका," ती आतूनच म्हणाली. "चालून पाय सुजतात."

रघुवीरने नाडी सैल केली. तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की कुरकुरीला काहीच न बोलता बाई भलत्याच विषयावर बोलली, तर कुरकुर नीट ऐकू गेलेली असते.

रविवार होता, सकाळचे सात. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या अकराव्या मजल्यावर तेवढ्यापुरती बरी हवा होती. अजून तासाभराने अंगाला शर्ट चिकटणार होता. गेले सहा रविवार हा सराव चालला होता. ऑक्टोबरात बारा दिवसांची सहल ठरली होती: रोम, तिथून ऑस्तिया, मग नेपल्सचं म्युझियम आणि सगळ्यात शेवटी पॉम्पेई. पॉम्पेईत दिवसभर उन्हात, दगडी रस्त्यांवरून सात-आठ किलोमीटर चालावं लागतं, असं जयवंतीने वाचलं होतं. म्हणून तिने घराभोवतीच तेवढ्याच अंतराची फेरी आखली होती. टाउन पार्क, लायब्ररी, ड्रॅगनचं खेळाचं मैदान आणि शेवटी लोरॉंग आठ या गल्लीतलं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालचे खाण्याचे स्टॉल. नकाशा हाताने काढला होता आणि त्यावर लायब्ररीच्या जागी 'मुख्य चौक' आणि टाउन पार्कच्या जागी 'स्नानगृहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

सहल जवळ येत होती, पण एक गोष्ट अडली होती. उद्या सोमवारी सकाळी दहाला व्हिसासाठी कागदपत्रं द्यायची वेळ मिळाली होती. पुढची तारीख मिळाली तर डिसेंबरातली मिळणार होती, म्हणजे ऑक्टोबर गेलाच. घरातले तीन फॉर्म भरून झाले होते. जयवंतीची सही झाली होती, लेकीची, गार्गीची झाली होती. रघुवीरचा फॉर्म अकरा दिवस फ्रिजवर, डुरियन फळाच्या आकाराच्या चुंबकाखाली लटकत होता.

"करतो की सही, पळून चाललाय का फॉर्म?" पहिल्या दिवशी.

"गुडघा दाखवून घेतो एकदा, मग बघू." चौथ्या दिवशी.

"एक जहाज ड्रायडॉकला दुरुस्तीला येतंय. नेमकं ऑक्टोबरात आलं तर?" आठव्या दिवशी.

रघुवीर पूर्वी जहाजावर इंजिनियर होता, चीफ इंजिनियर होऊन उतरला आणि आता अठरा वर्षं इथल्या एका कंपनीत जहाजांच्या दुरुस्त्या पाहत होता. ड्रायडॉकच्या तारखा त्याला सहा महिने आधी माहीत असतात, हे जयवंतीलाही माहीत होतं. अकरा दिवस तिने फॉर्म होता तिथेच राहू दिला. आज निघताना मात्र तिने फॉर्म चुंबकाखालून काढला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि फोल्डर पिशवीत, छत्रीच्या शेजारी. सही काय, कुठेही करता येते.

तो का करत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्याचं मूळ तर नऊ वर्षं ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी जयवंती पुण्यात, कोथरूडला दोन खोल्यांत राहत होती. पाच वर्षांची गार्गी घसरगुंडीवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसली होती आणि रघुवीर सेकंड इंजिनियर म्हणून कुठल्याशा समुद्रात होता. बंदर आलं की त्याचा फोन यायचा. "आज काय पाहिलंत?" हा जयवंतीचा प्रश्न ठरलेला. त्या दिवशी फोन नेपल्सहून आला, आणि तो चक्क सात मिनिटं बोलला. पॉम्पेई पाहून आलो, म्हणाला. दोन हजार वर्षांपूर्वीचे रस्ते, त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड. भट्टीत राहून गेलेले पाव, कोळसा झालेले, पण अख्खे. गार्गी रिसिव्हरला कान लावून, प्लॅस्टरवर बोटाने चाकोऱ्या काढत ऐकत होती.

महिन्याभराने पाकीट आलं. आत इंजिनरूमच्या नोंदींचा एक कागद, आणि त्याच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने काढलेला डोंगर. एक उंच शिखर आणि त्याच्या डाव्या बाजूला बुटका खांदा. खाली लिहिलेलं: 'पॉम्पेईच्या चौकातून दिसणारा व्हेसुव्हियस. चि. गार्गीस.'

जयवंतीने त्याच आठवड्यात लायब्ररीतून पॉम्पेईवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. वाळवीने कडा खाल्लेलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिने ते तीन महिन्यांत संपवलं. मग दुसरं. बी.कॉम. झालेल्या बाईला रोमन लोकांशी काय घेणंदेणं, असं सासूबाई म्हणाल्या, ते बरोबरच होतं. पण तोवर ती त्यांच्या नळांपर्यंत पोचली होती. सिंगापूरला आल्यावर तर लायब्ररी घराच्या खालीच. आज ती दगडावरची लॅटिन अक्षरं लावू शकत होती, मटार सोलताना कुठल्या कुठल्या म्युझियमची व्याख्यानं ऐकत होती आणि मराठी मंडळींत तिचं नाव 'रोमनवहिनी' पडलं होतं.

डोंगराच्या चित्राला फ्रेम झाली. ती फ्रेम पुण्याहून सिंगापूरला आली आणि चपलांच्या कपाटावरच्या भिंतीवर लागली. आल्यागेल्याला रघुवीर पॉम्पेईची हकीकत सांगायचा. चाकोऱ्या, दगड, पाव. नेमक्या त्याच तीन गोष्टी, त्याच क्रमाने.

आणि नऊ वर्षांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी, लायब्ररीच्या थंड खोलीत जयवंतीने एक भलंमोठं फोटोंचं पुस्तक उघडलं. पॉम्पेईचा चौक, मोडके खांब, मागे डोंगर. उंच शिखर डावीकडे. बुटका खांदा उजवीकडे.

पुस्तकवाल्यांनी फोटो उलटा छापला, असं तिला आधी वाटलं. तिने दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांनी मिळून उलटा छापणं जरा कठीण होतं. मग तिने नकाशा घेतला. नेपल्स डोंगराच्या एका अंगाला, पॉम्पेई दुसऱ्या अंगाला. नेपल्सच्या बंदरातून पाहिलं, तर खांदा डावीकडे येतो. पॉम्पेईतून येत नाही, काही केल्या येत नाही.

इंजिनियरचं चित्र होतं ते. वीतभर पाइप काढायचा तरी हा माणूस माप चुकायचा नाही. त्याने डोंगर अगदी जसा दिसला तसा काढला होता. चित्र खरं होतं, खोटी होती ती खालची ओळ.

दोन दिवस तिने त्याच्याशी धड बोलणं ठेवलं नाही आणि आमटीला फोडणी दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं. एवढी पुस्तकं वाचली ती कोणाच्या जिवावर? तो त्या दिवशी फोनवर खरं बोलला असता, 'दिवसभर खाली इंजिनात होतो' म्हणाला असता, तर ती आज कुठे असती? गणपतीच्या आरासकमिटीत. शिवाय सांगायचं म्हटलं तर सांगायचं कसं? ताटावर बसलेल्या माणसाला, तुमचा डोंगर उलटा आहे म्हणून?

गार्गीलाही ठाऊक होतं. कधी कळलं ते जयवंतीने विचारलं नाही. पण ज्युनियर कॉलेजात असताना एकदा ती हातात फोन धरून फ्रेमसमोर उभी होती, मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करत. आई मागे आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, "नाइस फ्रेम, आई." आणि खोलीत निघून गेली. त्यावर मायलेकींत आजवर एक शब्द झाला नव्हता.

मग अडचण कुठे होती? अडचण अशी, की सहलीत मराठी मंडळींतला त्यांचा मित्र शैलेंद्र आणि त्याची बायको संजीवनी येणार होते. शैलेंद्र जुरोंग ईस्टला राहायचा, आयटीत मॅनेजर, आणि कुठलीही गोष्ट त्याला नीट 'मॅनेज' केल्याशिवाय चैन पडत नसे. पॉम्पेईत गाइड घ्यायचा का, हा प्रश्न निघाला तेव्हा त्यानेच निकाल लावला होता: "गाइड कशाला? वहिनींनी वाचलंय, चीफनी पाहिलंय. अजून काय पाहिजे?"

त्या दिवसापासून रघुवीरचा गुडघा दुखायला लागला.

जयवंतीला पॉम्पेई पाहायचं होतं, हे तर खरंच. पण त्याहून जास्त तिला पॉम्पेई पाहणारा रघुवीर पाहायचा होता. मागे इथल्या म्युझियममध्ये एक रोमन प्रदर्शन आलं, तेव्हा तो सगळी संगमरवरी डोकी टाकून एका काशाच्या तोटीसमोर वीस मिनिटं उभा होता. "जयू, हा व्हॉल्व्ह आज बसवला तर आज चालेल," म्हणाला होता, आणि त्याचा चेहरा बंदरात पहिल्यांदा उतरलेल्या पोरासारखा झाला होता. तो चेहरा तिला पुन्हा हवा होता. तो घरी राहिला तर तिने जाऊन करायचं काय? आणि आला, तर पॉम्पेईत दिवसभर आधी पाहिल्याचं सोंग घेऊन फिरणार. पहिल्यांदा पाहिलेलं पहिल्यांदा पाहतोय असं म्हणताही येणार नाही. काय ती शिक्षा.

लिफ्टपाशी गार्गी येऊन मिळाली. वन-नॉर्थ भागात एका संशोधनाच्या कंपनीत कामाला होती. रविवारी सात वाजता उठणं ही तिच्या मते आईवरच्या प्रेमाची परिसीमा होती. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यात, शैलेंद्र टोपी घालून तयार. पाठीला फुगलेली सॅक.

"चीफ, आज चाल मंद वाटतेय. बॉयलर गरम नाही झाला?"

"बॉयलर आहे जागेवर. पट्टे सैल झालेत," रघुवीर म्हणाला.

"संजीवनी नाही आली?" जयवंतीने विचारलं.

"तिचा रविवारी ऑनलाइन गाण्याचा क्लास. मी घरी नसलो की सूर लागतो म्हणते."

चालता चालता जयवंतीने ऑस्तिया सांगितलं. तिथे म्हणे चार-चार मजली इमारती, खाली दुकानं, वर भाडेकरू, मध्ये सामाईक जिने.

"म्हणजे आपल्या एचडीबीच्या सरकारी इमारती," शैलेंद्र म्हणाला.

"तसंच. फक्त लिफ्ट नव्हती, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस गरीब. आपल्याकडे उलटं, वरच्या मजल्याला भाव."

"आणि लोक खिडकीतून घाण पाणी रस्त्यावर टाकायचे," गार्गी म्हणाली. "इथे करून बघ ना बाबा. टाउन काउन्सिल विल कम आफ्टर यू, लाह."

रघुवीर हसला. तेवढं हसला आणि पुन्हा बुटांकडे पाहत चालू लागला. ड्रॅगनच्या मैदानापाशी शैलेंद्रने त्याला गाठलंच.

"चीफ, त्या चाकोऱ्या केवढ्या खोल हो साधारण? म्हणजे माझे सँडल चालतील की बूटच पाहिजेत?"

"अं? असतील... वीतभर," रघुवीर म्हणाला, आणि हळूच जयवंतीकडे पाहिलं.

"वीतभर असतात काही ठिकाणी," जयवंती म्हणाली. "बूटच घाला."

हे असं गेले सहा रविवार. तो चेंडू सोडणार आणि ती मागे उभी राहून अडवणार.

हॉकर सेंटरला पोचले तेव्हा गार्गीच्या घड्याळात नऊ हजार पावलं झाली होती. पंख्याखालचं टेबल मिळालं. रघुवीरने बिनसाखरेची काळी कॉफी आणली, गार्गीने नारळाच्या जॅमचा काया टोस्ट, शैलेंद्रने स्वतःसाठी दोन डोसे, आणि जयवंतीने चहा घेऊन सवयीने समोरच्या स्टॉलकडे बोट केलं.

"पॉम्पेईत हेच. रस्त्याकडेला दगडी ओटा, ओट्यात गोल भोकं, भोकांत मडकी. बऱ्याच घरांत चूलच नव्हती. सकाळी उठायचं, कोपऱ्यावर जायचं, गरम काहीतरी घ्यायचं, उभ्याने खायचं."

"आणि इथल्यासारखी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची," गार्गी म्हणाली.

"ते अजून सापडलं नाही. खणतायत."

शैलेंद्रने डोसा संपवला, हात पुसले आणि सॅक मांडीवर घेतली. "आता एक सरप्राइज. नमुना आलाय, तुम्ही हो म्हटलं की दुपारी प्रिंटरला कळवतो, पाच छापायला."

त्याने पिशवीतून एक टी-शर्ट काढून टेबलावर पसरला. विटकरी रंगाचा. वर 'पॉम्पेई, ऑक्टोबर'. आणि छातीच्या मधोमध रघुवीरचा डोंगर. उंच शिखर, डावीकडे बुटका खांदा. खाली ती ओळसुद्धा तशीच, रघुवीरच्याच अक्षरात: 'पॉम्पेईच्या चौकातून दिसणारा व्हेसुव्हियस.'

"मागच्या वेळी आलो होतो ना, तेव्हा फ्रेमचा फोटो काढून ठेवला होता," शैलेंद्र खूश होऊन सांगत होता. "कल्पना अशी, की आपण पाचही जण त्या चौकात ओळीने उभे राहायचं. छातीवर चीफचा डोंगर, मागे खरा डोंगर. हाच फोटो मंडळाच्या दिवाळी अंकाला."

शेजारच्या स्टॉलवर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला.

जयवंतीने टी-शर्टची बाही बोटांत धरून पाहिली. "कापड जाड आहे हो. घाम येईल."

"ड्राय-फिट आहे, वहिनी."

"रंगही जरा... आणि चित्र कशाला? नुसतं नाव टाका की. सुटसुटीत."

"अहो, चित्रातच तर मजा आहे."

"शैलेंद्रकाका," गार्गी टोस्टचा तुकडा हातात धरून म्हणाली, "प्रिंट करायचाच असेल तर फाइल फ्लिप करून पाठवा, ना. वन क्लिक ओन्ली. मग फोटोत मॅच..." आणि तिथेच थांबली.

"फ्लिप? फ्लिप कशाला?" शैलेंद्रने विचारलं.

गार्गीने टोस्ट तोंडात कोंबला. जयवंतीने टिश्यू घेऊन टेबल पुसायला सुरुवात केली, अगदी स्वच्छ होतं ते टेबल.

रघुवीरने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याने लेकीकडे पाहिलं. ती खाली पाहून चघळत होती. मग बायकोकडे पाहिलं. ती टेबलाचा तोच कोपरा तिसऱ्यांदा पुसत होती. मग टी-शर्टवरच्या डोंगराकडे पाहिलं, बराच वेळ. इंजिनाचा बारीकसा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल आहे हे ओळखणारा माणूस होता तो. त्याच्या चेहऱ्यावरून जयवंतीला कळलं, की आवाज त्याला ऐकू गेला.

"किती वर्षं?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते सांगितलं नाही.

"नऊ," जयवंती टेबलाला म्हणाली.

"दहा," गार्गी म्हणाली. "सॉरी, बाबा."

"काय दहा?" शैलेंद्र म्हणाला.

रघुवीरने हात पुढे केला. "जयू, तो फॉर्म आणलायस ना पिशवीतून? निघताना फ्रिज मोकळा दिसला मला. दे. आणि पेन दे."

तिने फोल्डर काढला, फॉर्म काढला, टेबलाचा पुसलेला भाग नेमका उपयोगी पडला. त्याने वाचायचा चष्मा लावला आणि दाखवलेल्या चौकटीत, कुठेही रेघेबाहेर न जाता, संपूर्ण सही केली. खाली तारीख घातली. पेनला टोपण लावून तिला परत दिलं. तिने फॉर्म फुंकर घालून वाळवला. बॉलपेनची सही वाळवायची नसते, हे तिलाही माहीत होतं.

"शैलेंद्र, टी-शर्ट छापू नकोस," तो म्हणाला. "आणि गाइड बघ एखादा. चांगला बघ. मला खूप विचारायचंय त्याला."

"अहो चीफ, पण तुम्ही तर..."

"आमच्या जहाजावर एक थर्ड मेट होता, डेकवरचा धाकटा ऑफिसर, निशिकांत नावाचा. तो गेला होता बसमध्ये बसून. संध्याकाळी मेसमध्ये त्याने सांगितलं ते सगळं मी ऐकून घेतलं. चाकोऱ्या, दगड, पाव." रघुवीरने चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला. मग तो शैलेंद्रशी बोलायचा थांबला आणि जयवंतीकडे वळला. तिच्या हातातला टिश्यू आता थांबला होता.

"मी दोन दिवस खाली इंजिनात होतो, जयू. डोंगर वर डेकवरून काढला, विडी ओढायला आलो होतो तेव्हा. शिडी उतरून धक्क्यावरच्या फोनपर्यंत चाळीस पावलं, तेवढाच मी इटलीत चाललोय. पॉम्पेई मी पाहिलेलं नाही."